दाराच्या दोरीचं माप दारावरच लिहा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

थंडी जवळ आली की पेपरात फायरप्लेसबद्दल काही ना काही छापून येतं. लाकूड वाळलेलं घ्या, धुराडं साफ करून घ्या, जवळ पडदे नकोत, आणि हे सगळं बरोबरच आहे, आम्हीही पाळतो. पण दाराच्या कडेने जी दोरी बसवलेली असते ना, गॅस्केट म्हणतात ती, आणि काचेच्या कडेची चपटी पट्टी, या दोघींबद्दल दोन ओळीही कधी वाचल्याचं मला आठवत नाही. म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, पण कृपया कापू नका, कारण कामाचं आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे काय झालं ते सांगते. आमची फायरप्लेस बंद दाराची, बिडाची, समोर काच, बाजूला हवा कमीजास्त करायचा दांडा. आधी रात्री तीन ओंडके टाकून दांडा बंद केला की सकाळपर्यंत निखारे असायचे, आणि गेल्या वर्षी मात्र मध्यरात्रीच सगळं जळून राख. शिवाय काच एका कोपऱ्यात काळी व्हायला लागली, बाकी स्वच्छ आणि तेवढाच कोपरा काजळीने भरलेला, रोज पुसला तरी रोज तसाच. आम्हाला वाटलं लाकूड ओलं असणार. ओलावा मोजायचं यंत्र आणलं, ओंडका फोडून आतल्या बाजूला लावून बघितलं तर २० टक्क्यांच्या खाली, म्हणजे लाकूड चांगलं. मग धुराडं साफ करून घेतलं. जो माणूस आला होता त्याला मी विचारलं की दार बघाल का, तर तो म्हणाला दार लागतंय की, दाराला काय होणार. आम्हीही सोडून दिलं.

त्यानंतर साधारण आठवड्याने एका संध्याकाळी फायरप्लेस भरली, दांडा पूर्ण बंद केला, आणि तरी आग कमी होईना. उलट वाढतच गेली, आतून भात्यासारखा आवाज यायला लागला, आणि थोड्या वेळाने वरची पाटी मंद लाल दिसायला लागली. मी, माझी मुलगी आणि बाबा तिघं नुसते उभे. पाणी मारायचं नसतं, तापलेल्या बिडावर पाणी पडलं की तडा जातो आणि वाफेचा भपका अंगावर येतो, एवढं माहीत होतं. दार उघडायची हिंमत झाली नाही. जवळपासचं सगळं बाजूला केलं, फोन हातात धरून बसलो, आतलं लाकूड संपल्यावर ती आपोआप शांत झाली. बाबा त्या रात्री झोपले नाहीत आणि मीही नाही. दुसऱ्या दिवशी, सगळं पूर्ण गार झाल्यावर, मी खालचं राखेचं दार काढून बघितलं तर त्याची दोरी अर्ध्या भागात नव्हतीच! गळून राखेबरोबर कधी फेकली गेली देव जाणे. खाच रिकामी.

आता हे असं का होतं ते सांगते, कारण ते कळलं की बाकी सगळं आपोआप कळतं. बंद फायरप्लेसमध्ये आग किती पेटायची हे लाकूड ठरवत नाही, हवा ठरवते. दांड्याने आपण जेवढी हवा सोडू तेवढंच जळणार, असं गणित असतं. धुराड्यातून गरम हवा वर चढते आणि त्यामुळे आत सतत एक ओढ असते, त्या ओढीने जिथे फट मिळेल तिथून बाहेरची हवा आत शिरते. दोरी झिजली की दाराची अख्खी कड म्हणजे एक न बंद होणारा झडप होतो, मग तुम्ही दांडा कितीही बंद करा, काही उपयोग नाही. आणि राखेच्या दाराची फट सगळ्यात वाईट, कारण तिथून येणारी हवा थेट निखाऱ्यांच्या खालून वर जाते, लोहाराचा भाताच तो. त्यात जाळी वाकते, बिडाला भेगा पडतात.

आणि या फटीतून धूर बाहेर येत नाही म्हणून कोणाला काही कळत नाही. माणूस म्हणतो, धूर नाही, वास नाही, म्हणजे दार ठीक आहे. अहो, ओढ आतल्या दिशेला आहे म्हणून धूर येत नाही! पण आग उतरणीला लागली, नुसते निखारे राहिले की धुराडं गार होतं, ओढ कमी होते, आणि त्यात घरात स्वयंपाकघराचा मोठा एक्झॉस्ट फॅन चालू असला तर ती उलटीही होऊ शकते. तेव्हा त्याच फटीतून कार्बन मोनॉक्साइड घरात येतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि नेमके निखारेच तो सगळ्यात जास्त सोडतात. म्हणजे आपण झोपलेले असताना. गॅस्केट नवी असो की जुनी, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म फायरप्लेसच्या खोलीत आणि झोपायच्या खोल्यांजवळ असायलाच हवा, याबद्दल मी कोणाशीही वाद घालायला तयार नाही.

तपासायचं कसं, तर एक कागदाची पट्टी पुरते. फायरप्लेस गार असताना पट्टी दाराच्या कडेत अर्धी आत अर्धी बाहेर धरायची, दार लावायचं, कडी घालायची आणि पट्टी ओढायची. अडून आली, फाटायला आली तर दोरी चांगली. सहज सुळकन निघाली तर त्या जागी दोरी दबलेली आहे. असं दाराच्या चारी बाजूंनी तळहाताएवढ्या अंतरावर करत जायचं, बिजागरीच्या बाजूला विसरायचं नाही, लोक फक्त कडीच्या बाजूला बघतात. दुसरी रीत म्हणजे रात्री खोलीत अंधार करून आत टॉर्च ठेवायची आणि दार लावून बाहेरून बघायचं, जिथून उजेड दिसतो तिथून हवा जाते. आग चालू असताना पेटती उदबत्ती कडेने फिरवली तरी कळतं, धूर जिथे आत खेचला जातो तिथे फट. मी तिन्ही करून बघितल्या, कागदाची सगळ्यात खरी वाटली. बोटाने दोरी दाबूनही कळतं म्हणा, चांगली दोरी दबून परत वर येते आणि मेलेली दगडासारखी कडक लागते नाहीतर हातात तुकडे येतात.

आता माझी खरी तक्रार. दोरी बदलायची ठरवली, ठीक, पण कुठली? पुस्तिका चाळली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, त्यात फायरप्लेसचं वजन आहे, धुराड्याच्या पाइपचा व्यास आहे, रंग किती आहेत तेही आहे, पण दोरीचा व्यास नाही. ज्यांनी विकली त्यांना विचारलं तर जुनी दोरी मोजा म्हणाले. मी मोजली, ८ मिलिमीटर आली, तेवढी आणली, बसवली, आणि कागद सगळीकडून सुळकन. कारण जुनी दोरी वर्षानुवर्षं दबून चपटी झालेली, तिचं माप म्हणजे तिचं मूळ माप नव्हेच! मग रागाने १२ ची आणली, ती इतकी जाड की दार लावायला खांद्याने रेटावं लागलं, कडी ताणली गेली आणि बिजागरीच्या बाजूला दोरी आधीच टेकल्यामुळे कडीच्या बाजूला दार उघडं राहिलं, म्हणजे पुन्हा फटच. शेवटी १० ची बसली. तीन वेळा खरवडणं, तीन वेळा चिकटवणं, आठवडाभर घर गार आणि बाबा दोन स्वेटर घालून बसलेले.

नंतर एक युक्ती कळली ती इथे लिहिते म्हणजे कोणाची तरी मेहनत वाचेल. जुनी दोरी काढून खाच साफ केल्यावर मुलांच्या खेळण्यातल्या क्लेचे गोळे करून, त्यावर पातळ प्लॅस्टिक ठेवून, खाचेत सहा-आठ ठिकाणी बसवायचे आणि दार हळूच लावून उघडायचं. गोळा जेवढा जाड उरतो तेवढी तिथे जागा आहे. दोरी त्याहून थोडी जाड हवी, म्हणजे दार लागल्यावर ती दबेल. शिवाय खाचेची रुंदी मोजायची, दोरी त्यात बसायला हवी. आणि एकाच व्यासात मऊ विणीची आणि घट्ट विणीची अशा वेगवेगळ्या दोऱ्या मिळतात, घट्टवाली दबत नाही, म्हणून व्यास बरोबर असूनही दार लागत नाही असं होऊ शकतं. हे सगळं माणसाने अंदाजाने का करायचं? दोरी झिजणार हे बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. रोज वापरली तर एक-दोन हिवाळ्यांत, कमी वापरली तर थोडी उशिरा, पण बदलावी लागणारच.

जुन्या फायरप्लेसवाल्यांसाठी एक गोष्ट आधी सांगते. आत्ताच्या दोऱ्या फायबरग्लासच्या किंवा सिरॅमिक धाग्याच्या असतात, पण १९८० च्या आसपासच्या किंवा त्याआधीच्या फायरप्लेसमध्ये, मूळ दोरी कधीच बदललेली नसेल तर ती अ‍ॅस्बेस्टॉसची असू शकते. त्याचे बारीक तंतू श्वासातून आत गेले की फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो, ब्रिटनने १९९९ मध्ये आणि युरोपीय संघाने २००५ पासून त्यावर पूर्ण बंदी घातली ती उगाच नाही. दिसण्यावरून ओळखता येत नाही. शंका असेल तर हातच लावू नका, खरवडू नका, त्यातल्या जाणकाराकडून तपासून घ्या.

बाकी काम घरी होण्यासारखं आहे. मी केलं, माझ्या मुलीने मदत केली. शेवटच्या आगीनंतर निदान एक पूर्ण दिवस थांबायचं, राखेखाली निखारे फार वेळ जिवंत राहतात. दाराचे आधी मोबाइलवर फोटो काढायचे. दार बिजागरीच्या खिळीवरून उचलून काढायचं, दोघांनी, कारण बीड आणि काच मिळून चांगलंच जड असतं, आणि जुन्या घोंगडीवर पालथं ठेवायचं. मग दोरीचं टोक पकडून ओढायचं. दोरी पटकन येते, खरा वेळ जातो तो खाचेतलं जुनं सिमेंट खरवडण्यात, जुना स्क्रू ड्रायव्हर, नंतर तारेचा ब्रश, आणि ते चमकेपर्यंत. इथे घाई केली की नवीन सिमेंट जुन्यावर बसतं आणि दोन महिन्यांत दोरी लोंबायला लागते, हे मी पहिल्या वेळी केलं होतं. मास्क, गॉगल, हातमोजे तिन्ही घाला, फायबरग्लासची कुसळं हाताला लागली की दिवसभर खाज जात नाही आणि डोळ्यात गेली तर विचारू नका. शेवटी ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्यायचं.

दोरी आधी सिमेंट न लावता खाचेत ठेवून बघायची. आणि ओढायची नाही! हे मी ठळक लिहिलं असतं जमलं असतं तर. दोरी विणलेली असते, ओढली की लांब होते आणि बारीक होते, मग १० ची दोरी ८ ची होऊन बसते आणि काही दिवसांनी आखडून टोकांमध्ये बोटभर फट पडते. उलट जराशी दाबत, जमा करत बसवायची. कापायच्या जागी आधी टेप गुंडाळायचा आणि टेपच्या मधोमध कापायचं, नाहीतर टोक झाडूसारखं सुटतं. जोड कोपऱ्यावर घ्यायचा नाही, सरळ भागात घ्यायचा, बिजागरीच्या बाजूला घेतला तर बरा, आणि टोकं एकमेकांवर चढवायची नाहीत, नुसती भिडवायची, चढवली की तिथे उंचवटा होतो आणि दार त्याच्यावर टेकून बाकी सगळीकडे उघडं राहतं. सिमेंट उष्णता सोसणारं, फायरप्लेसचंच हवं, घरातला गोंद आगीसमोर टिकत नाही. त्याची बारीक रेघ खाचेच्या तळाला ओढायची, फार नाही, जास्त झालं तर ते दोरीत मुरतं आणि दोरी दगड होते. मग दार परत चढवून, दोरी आणि चौकटीच्या मध्ये बटर पेपर घालून, बंद करून दिवसभर ठेवायचं.

काचेच्या पट्टीकडे तर कोणी बघतच नाही, आणि माझ्या मते ती दोरीइतकीच महत्त्वाची. आमचा काळा कोपरा होता ना, त्याचं कारण ती होती. वरून काचेवर गरम हवेचा पडदा सोडलेला असतो, त्याने काच स्वच्छ राहते, पण कडेची पट्टी गेली की तिथून गार हवा घुसते, काचेचा तेवढा भाग गार पडतो आणि धूर त्यावर बसतो. म्हणजे काळा कोपरा फट कुठे आहे हेच दाखवत होता आणि मी त्याला रोज पुसत होते.

या पट्टीचं दुसरं काम गादीचं. फायरप्लेसची काच साधी नसते, सिरॅमिक काच असते, जवळपास ७०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते आणि तापली तरी जवळजवळ फुगतच नाही. या जातीच्या काचेचा शोध अपघाताने लागला, १९५३ मध्ये अमेरिकेत कॉर्निंग कंपनीत डोनाल्ड स्टुकी हे शास्त्रज्ञ काचेचा तुकडा भट्टीत तापवत होते, भट्टी ६०० अंशांवर थांबायची ती बिघडून ९०० वर गेली, काच वितळून गेली असेल म्हणून बघायला गेले तर ती अखंड आणि दुधासारखी पांढरी झालेली, आणि चिमट्यातून निसटून पडली तरी फुटली नाही. (मुलीला शाळेच्या प्रोजेक्टसाठी हे सापडलं आणि तेव्हापासून ती त्या काचेकडे फार आदराने बघते.) तर काच फुगत नाही आणि लोखंडी चौकट फुगते, मग मध्ये मऊ काहीतरी हवं की नको? पट्टी कडक झाली की चौकटीचा ताण थेट काचेवर येतो. काच उष्णतेने सहसा फुटत नाही, फुटते ती ताणाने, ओंडक्याच्या धक्क्याने, किंवा आपण स्क्रू जास्त आवळल्याने.

म्हणून काच काढताना स्क्रूंशी भांडायचं नाही. ते गंजलेले असतात, जोर लावला की मुंडी तुटून हातात येते. गंज सोडवणारं तेल आदल्या रात्री मारून ठेवायचं, सकाळी पाव वळसा पुढे पाव वळसा मागे असं करत सोडवायचे. काच काढली की कुठली बाजू आत होती ती खूण करून ठेवा, काही काचांना एका बाजूने उष्णता परतवणारा लेप असतो, उलटी लागली तर उपयोग नाही. नवीन पट्टी बहुतेक वेळा मागून चिकट असते, काचेच्या कडेला लावत जायची, काही फायरप्लेसला ती यू आकारात काचेच्या कडेवरून दुमडते. आणि आधी कुठे कुठे पट्टी होती ते फोटोत नीट बघा, कारण काही मॉडेलमध्ये वरच्या कडेला मुद्दाम पट्टी नसते, तिथूनच तो हवेचा पडदा येतो, आपण चांगलं करायला गेलो आणि चारी बाजूंनी लावली तर काच आठवड्यात काळीकुट्ट. लावताना स्क्रूंना उष्णतेचं ग्रीस लावा, समोरासमोरचे थोडे थोडे आवळा, हाताने बसले की त्यापुढे अगदी थोडं, बस. काचेला इकडेतिकडे केसभर हलायला जागा राहिली पाहिजे.

पहिली आग छोटी ठेवा, खिडकी उघडी ठेवा, सिमेंट भाजताना थोडा वास येतो. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत दोरी दबते, तेव्हा कागदाची परीक्षा परत घ्यायची आणि लागलं तर कडीचा नट थोडा फिरवायचा. हेही कुठल्या पुस्तिकेत मला दिसलं नाही.

आमच्याकडे आता रात्रीचे तीन ओंडके परत सकाळपर्यंत पुरतात आणि दांडा बंद केला की आग खरोखर खाली बसते. बाबा सुरुवातीचे काही दिवस तरी दर अर्ध्या तासाने उठून वरच्या पाटीकडे बघायचे.

माझी मागणी एवढीच आहे आणि ती तुमच्या पेपरातून बनवणाऱ्यांपर्यंत पोचावी अशी इच्छा आहे. गाडीच्या दाराच्या चौकटीत टायरमधल्या हवेचं माप लिहिलेलं असतं, कारण ते रोज लागतं आणि पुस्तिका हरवते. तशी एक छोटी धातूची पट्टी फायरप्लेसच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा आणि त्यावर लिहा, मोठ्या दाराची दोरी किती मिलिमीटर, किती लांब, मऊ की घट्ट, राखेच्या दाराची किती, काचेची पट्टी किती रुंद, किती जाड, आणि कुठल्या बाजूला लावायची नाही. आणि जे धुराडं साफ करायला येतात त्यांनी त्याच भेटीत दोन्ही दारांना कागद लावून बघावा, पाच मिनिटं लागतात. मी आमच्या दाराच्या आत आमची मापं खिळ्याने कोरून ठेवली आहेत, १० मोठ्या दाराची आणि ८ राखेच्या दाराची, आमच्यानंतर हे घर ज्याच्याकडे जाईल त्याला तरी तीनदा दोरी आणायला लागू नये.

आपली,
एक नियमित वाचक